ब्राऊन बेल्ट असूनही पोरगी गप्प राहिली, आता क्राव मगा लावू की लाठी?

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, डिप्लोमा झाला, आता पुण्याला डायरेक्ट सेकंड इयरला जातीये. सातवीपासून कराटे करते, ब्राऊन बेल्ट आहे, जिल्ह्याला दोन मेडल आहेत. दोन महिन्यांपूर्वी कोल्हापूरहून येताना एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, मागच्या माणसाने नको तिथे हात लावला, शिरोलीपासून आमच्या स्टँडपर्यंत. ती काही बोलली नाही, जागची हललीसुद्धा नाही. घरी येऊन खूप रडली आणि म्हणाली एवढ्या वर्षांचं कराटे पाण्यात गेलं. तेव्हापासून क्लास बंद. माझा भाऊ म्हणतो कराटे म्हणजे नुसती कवायत, क्राव मगाचा, म्हणजे त्या इस्रायली फौजेतल्या स्वसंरक्षणाचा, दोन दिवसांचा वर्कशॉप आहे, साडेचार हजार फी, तो लाव. सासरे तरुणपणी मर्दानी खेळात होते, ते म्हणतात बाहेरच्या देशातलं कशाला, मी लाठी शिकवतो. मिस्टर म्हणतात पेपर स्प्रे दे आणि विषय संपव. जुनं खरं की नवं खरं? मला काही कळेना. - एक आई"

ताई, आधी पोरीचं बोलू, क्लासचं मागून. कारण तुम्ही विचारलंय कराटे की क्राव मगा, पण पत्र वाचल्यापासून माझ्या डोळ्यासमोर ते शिरोली ते इचलकरंजी अंतरच येतंय आणि वरच्या दांडीला धरून उभी असलेली ती पोर. तिला आजच्या आज जवळ घेऊन सांगा की बाळा तुझं काही चुकलं नाही. अचानक कुणी अंगाला हात लावला की डोकं आधी 'हे खरंच होतंय का, की गर्दीमुळे लागला' इथेच अडकतं, श्वास छातीत अडकतो, जीभ टाळ्याला चिकटते, पाय दगडाचे होतात. हे शरीर आपलं आपण करतं, आपल्याला विचारून करत नाही. वर्दीतल्या माणसांना होतं, पैलवानांना होतं, मला झालंय. त्यामुळे 'सहा वर्षं पाण्यात गेली' हे वाक्य घरात कुणीही पुन्हा उच्चारायचं नाही, मामानेही नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

आता ती थिजली का, तर तिच्या सहा वर्षांच्या सरावात 'सुरू करा' म्हणणारं कुणीतरी कायम होतं. कुमितेत, म्हणजे कराटेतल्या जोडीच्या लढतीत, रेफ्री 'हाजिमे', म्हणजे 'सुरू करा', म्हणतो, समोरची मुलगी समोरच उभी असते, तुझ्याच वजनाची असते, मध्ये अंतर असतं, हातात ग्लोव्ह्ज असतात आणि नियम दोघींना पाठ असतात. बसमध्ये हाजिमे कुणी म्हणत नाही. माणूस मागे असतो, पाय उचलायला वीतभर जागा नसते, आणि लढाई सुरू झालीये हे ठरवायचं काम तुझं तुलाच करावं लागतं, तेही पन्नास माणसांच्या गर्दीत, लाजेचं ओझं घेऊन. हा ठरवण्याचा सराव तिला कुणी दिलाच नाही. पोरीत काही कमी नव्हतं, सरावातला एक तुकडा गाळलेला होता, आणि तो तुकडा जुन्या-नव्या दोन्ही प्रकारच्या पुष्कळ क्लासमध्ये गाळलेला असतो.

माझंच सांगते. मी तेवीस वर्षांची होते, ब्लॅक बेल्ट होऊन वर्ष झालेलं. भाड्याच्या खोलीचा अरुंद जिना, वरचा बल्ब गेलेला, आणि मागून कुणीतरी वेणी धरली. मी काय केलं असेल तर स्टान्स घ्यायला गेले. डावा पाय मागे टाकायचा म्हणून टाकला आणि मागे पायरीच नव्हती. गुडघ्यावर पडले, केस त्याच्या हातात, तोंडातून हवा येतीये पण आवाज नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुलूप काढल्याचा आवाज झाला म्हणून तो पळाला, माझ्या हातून काहीच झालं नव्हतं. तुमची पोर आज जे बोलतीये तेच मी तेव्हा बोलले होते, बेल्ट ट्रंकेत टाकला. पुढे सहा-सात महिन्यांनी एका मैत्रिणीच्या आग्रहाने ज्युदोच्या हॉलमध्ये गेले आणि पहिल्याच दिवशी नववीतल्या एका मुलीने माझी कॉलर धरली. मी सोडवायला गेले की ती ओढायची, मी ओढलं की ती आत शिरायची, आणि मी पाठीवर. पुन्हा उठायचं, पुन्हा पाठीवर. माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मला कुणी खरंखुरं धरलंच नव्हतं. कराटेच्या क्लासमध्ये माझी जोडीदार मनगट धरायची आणि मी सोडवायला लागले की सोडून द्यायची, कारण तसंच शिकवलेलं होतं.

ताई, माझ्या मते जुनं-नवं यापेक्षा हाच मुद्दा मोठा आहे. समोरचा खरंच विरोध करतो का? तुम्ही डाव टाकताना तो मनापासून टाळतो का, तुम्ही निसटताना तो खरंच घट्ट धरून ठेवतो का? जिथे हे होतं ती विद्या अंगात मुरते, मग ती हजार वर्षं जुनी असू दे नाहीतर काल निघालेली. जिथे होत नाही तिथे नाव कितीही जोरदार असलं तरी ती प्रात्यक्षिकंच राहतात.

आणि ही गोष्ट जुन्या लोकांना पक्की माहीत होती. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, वय फक्त २१. त्यांनी जुन्या जुजुत्सूचे, म्हणजे जपानी धरपकडीच्या विद्येचे, डाव घेतले आणि त्यातले जे जोडीदारावर पूर्ण ताकदीने करताच येत नाहीत, डोळ्यात बोट घालणं, सांधा झटक्यात मोडणं, ते रोजच्या खुल्या सरावातून बाजूला काढले. वरवर वाटतं की अशाने विद्या दुबळी झाली, पण झालं उलटं, कारण जे उरलं ते रोज, जिवंत विरोध करणाऱ्या माणसावर, जीव तोडून करता यायला लागलं. त्याला ते रांदोरी म्हणतात. आपल्याकडे वेगळं काय आहे? कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन उभं राहा, गंगावेस घ्या, मोतीबाग घ्या, लाल मातीत पोरं जोर करताना कुणी कुणाला डाव लावू देत नाही. एकेरी पट घालायला, म्हणजे एक पाय धरायला, गेलं की समोरचा पाय मागे टाकून अंगावर बसतो, मानेवर हाताने दाब देतो, मग त्यातून वाट काढायची. वस्ताद कडेला उभे राहून फक्त 'आत घुस, आत घुस' म्हणतात. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते याच मेहनतीतून. म्हणजे 'जुनं म्हणजे नुसती कवायत' हे तुमच्या भावाचं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

कराटेचं काय झालं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पोरीला सांगता येईल. जपानच्या ओकिनावा बेटावर हे हातघाईचं, जवळून धरपकडीचं तंत्र होतं. १९०० नंतरच्या काही वर्षांत अँको इतोसू यांनी ते शाळेतल्या मुलांसाठी आणलं, साहजिकच रांगेत उभं करून, मोजून, धोकादायक गोष्टी न सांगता. मग गिचिन फुनाकोशींनी १९२२ ला टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथून ते जपानभर पसरलं, पुढे पॉइंटची स्पर्धा आली, आणि आपल्या गल्लीतल्या हॉलमध्ये पोचेपर्यंत बहुतेक ठिकाणी रांग आणि मोजणीच उरली. पण काता, म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, तेच आहेत आणि त्यात माल भरलेला आहे. तुमच्या पोरीला विचारा हिकिते म्हणजे काय. ती लगेच दाखवेल, एका हाताने पंच मारताना दुसरी मूठ कमरेला ओढून घ्यायची. सहा वर्षांत तिने हे लाखभर वेळा केलं असेल. आता तिला विचारा की त्या कमरेकडे येणाऱ्या मुठीत काय असतं. बहुतेक ती म्हणेल काही नसतं, पोझिशन आहे. त्या मुठीत समोरच्याचं मनगट असतं नाहीतर त्याची बाही! धरलेला हात जोरात स्वतःकडे ओढायचा म्हणजे तो तोल जाऊन पुढे येतो आणि तेव्हा मारायचं, असा त्याचा अर्थ. मला हे कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं होतं, कारण इतकी वर्षं रिकामी मूठ ओढत होते. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहे.

आता क्राव मगा. त्याच्याबद्दल मला आदर आहे आणि मी स्वतः त्यातल्या पुष्कळ गोष्टी शिकवते. इमी लिख्टेनफेल्ड हा माणूस १९१० ला बुडापेस्टमध्ये जन्मला, ब्रातिस्लाव्हात वाढला, वडील पोलिसात, हा स्वतः बॉक्सर आणि कुस्तीगीर, मेडलवाला. १९३० च्या दशकात तिथे ज्यूंच्या वस्तीवर टोळ्या चालून यायला लागल्या आणि रस्त्यावर उतरल्यावर त्याला कळलं की रिंगणातली कुस्ती आणि गल्लीतली मारामारी यात फरक आहे, इथे रेफ्री नाही, इथे चौघे एकदम येतात. पुढे १९४८ नंतर त्याने इस्रायलच्या फौजेला शिकवलं, निवृत्त झाल्यावर साध्या नागरिकांसाठी त्यात बदल केले. कल्पना चांगली आहे, थोडे डाव ठेवायचे, माणूस दचकल्यावर हात जसे आपोआप वर जातात त्याच हालचालीतून बचाव काढायचा, अडवणं आणि मारणं एकाच वेळी, आणि वाट मिळाली की पळायचं. पण बघा, ज्याने हे काढलं तो जन्मभर कुस्ती आणि बॉक्सिंग केलेला माणूस होता. त्याच्या 'थोडक्यात'च्या मागे वीस वर्षांची माती होती. आपण ते थोडक्यातलंच उचलतो, दोन दिवसांत, साडेचार हजारात.

दोन दिवसांत काय होतं ते मी शंभरदा पाहिलंय. शनिवारी सकाळी मुली येतात, दुपारपर्यंत आठ-दहा सुटका शिकतात, गळा धरला तर अशी, मागून मिठी मारली तर अशी, केस धरले तर अशी, रविवारी संध्याकाळी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. दोन आठवड्यांनी विचारलं तर दोन आठवतात, त्याही उलटसुलट. डोक्यात जितके पर्याय जास्त तितका वेळ त्यातला एक निवडायला जातो, आणि घाबरलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. शिवाय घाबरल्यावर बोटांची बारीक कामं होतच नाहीत, किल्ली कुलपात जात नाही अशी अवस्था असते, तिथे मनगटाच्या विशिष्ट शिरेवर अंगठा दाबा वगैरे शिकवून काय उपयोग. त्यापेक्षा दोनच गोष्टी आणि त्या शेकडो वेळा, हे मला जास्त पटतं.

सुरीचं तर मला राहवत नाही म्हणून सांगते. वर्कशॉपच्या जाहिरातीत हमखास एक फोटो असतो, मुलीने सुरीवाल्याचा हात पिरगाळलाय. मी माझ्या क्लासमध्ये काय करते, तर दोघींना जुने पांढरे टीशर्ट घालायला लावते आणि एकीच्या हातात लाल मार्कर देते. हीच सुरी. तिला सांगते, थांबू नकोस, हात मागे घे, पुन्हा मार, जमेल तसा मार. दुसरीने शिकलेला बचाव करायचा. वीस सेकंदांनी थांबवून टीशर्ट बघायचा. पोटावर चार रेघा, दंडावर तीन, एक मानेजवळ, आणि जिने बचाव केला तिला वाटत असतं की आपण दोनदा तरी अडवला. सगळा हॉल गप्प होतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस खात्यातल्या डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं की सुरीवाला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. २१ फूट म्हणजे एसटीच्या निम्म्या लांबीएवढं! तर सुरी दिसली की पर्स टाक, मोबाईल टाक, आणि उलट दिशेने पळ, मध्ये गाडी, टेबल, काहीतरी येऊ दे. जो शिक्षक हे न सांगता पहिल्याच दिवशी सुरी हिसकावून घ्यायला शिकवतो त्याच्याकडे पोरीला पाठवू नका, मग तो कराटेवाला असो नाहीतर क्राव मगावाला.

मग आधुनिक प्रकारात चांगलं काय आहे, जे जुन्या क्लासमध्ये मिळत नाही? माझ्या मते मारामारीच्या आधीचा भाग. कॅनडात तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर एक अभ्यास झाला, २०१५ ला छापून आला. निम्म्यांना नुसती माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना बारा तासांचं प्रशिक्षण, तीन-तीन तासांचे चार भाग. वर्षभरानंतर माहितीपत्रकवाल्या मुलींमध्ये बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षणवाल्यांमध्ये ५.२. जवळजवळ निम्मं. आणि त्या चार भागांपैकी हाणामारी एकाच भागात होती. बाकीच्यात काय होतं, तर ओळखीच्या माणसाच्या वागण्यातली धोक्याची लक्षणं कशी ओळखायची, 'त्याला वाईट वाटेल' म्हणून आपण गप्प का बसतो, आणि आपल्याला नक्की काय हवंय-नको ते आधी स्वतःशी स्पष्ट करणं. आपल्याकडेही एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, आकडे दरवर्षी हेच दाखवतात की बलात्काराच्या गुन्ह्यातले बहुतेक आरोपी ओळखीचे असतात, मित्र, शेजारी, नातेवाईक. आपण मात्र पोरींना तयार करतो ते अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी. पुण्यात ती रूमवर राहणार, प्रोजेक्ट पार्टनर असतील, कुणी सीनियर घरी सोडतो म्हणेल, तिथे उंच किक कामाची नाही, 'नको, मी माझी जाईन' हे सरळ, हसून न सांभाळता म्हणता आलं पाहिजे.

आणि हे म्हणणं किती अवघड असतं ते सांगते. माझ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी कुणालाच मारायला शिकवत नाही. फरशीवर खडूने रेघ काढते, दोघींना समोरासमोर उभं करते, एक चालत येणार, दुसरीने हात पुढे करून 'तिथंच थांब' म्हणायचं, रेघेच्या आत येऊ द्यायचं नाही. एक बाई होत्या, बँकेत कॅशला, चाळिशीतल्या, काउंटरवर दिवसभर माणसांशी बोलणाऱ्या. समोरची चालत आली आणि यांच्या तोंडून आलं, 'अहो जरा थांबता का प्लीज', आणि वर ओठांवर हसू. पुन्हा केलं, पुन्हा तेच हसू. तिसऱ्यांदा समोरची रेघ ओलांडून अगदी नाकासमोर आली तरी यांचा हात कोपरातून वाकलेलाच. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, मला मोठ्याने बोलायचंच माहीत नाही हो, लहानपणापासून आवाज खाली ठेव हेच ऐकलंय. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या 'थांब'ने बाहेर चपला घालत असलेली माणसं आत डोकावली. त्या दिवशी त्यांनी एकही ठोसा मारला नव्हता, पण माझ्या मते त्यांचं निम्मं शिक्षण तिथे झालं.

अमेरिकेत १९७० च्या दशकात मॉडेल मगिंग नावाचा प्रकार सुरू झाला, त्यात एक माणूस गादीसारखा जाड सूट आणि मोठं हेल्मेट घालून हल्लेखोर होतो, घाणेरडं बोलतो, अंगावर येतो, आणि बाईने ओरडत पूर्ण ताकदीने त्याला मारायचं. हातचं राखून नाही. मला हा प्रकार फार आवडतो, कारण यात भीतीसकट सराव होतो, शिव्या, धक्का सगळ्यासकट. पुण्यात असं काही शिकवणारं कुणी सापडलं तर तिथे जरूर घाला, नाव काही असू दे.

तुमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, लाठीबद्दल तुम्ही थोडं संकोचून लिहिलंय असं वाटलं. संकोचू नका. मी कोल्हापुरात शिवजयंतीला मर्दानी खेळ बघत वाढले, हलगी सुरू झाली की अजून अंगावर काटा येतो. १८७८ च्या आर्म्स अ‍ॅक्टने परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी आली, मग ही विद्या दसऱ्याच्या आणि जयंतीच्या रिंगणात खेळ म्हणून जगली, म्हणून त्यात प्रात्यक्षिक जास्त दिसतं, दांडपट्ट्याने लिंबू कापणं वगैरे. पण लाठी फिरवायला लागलं की दोन गोष्टी अंगात येतात ज्या क्लासची फी भरून मिळत नाहीत, एक अंतराचा अंदाज आणि दुसरं चारी बाजूंनी भान. चौघांच्या मध्ये उभं राहून लाठी फिरवताना पवित्रा बदलत मागचाही माणूस डोक्यात ठेवावा लागतो. तुमच्या पोरीला पॉइंट स्पर्धेने फक्त समोर बघायला शिकवलंय, तिला नेमकं मागचं भान हवंय. पुण्यात लाठी घेऊन ती फिरणार नाही हे खरं, पण छत्री असते, हेल्मेट असतं, पाण्याची स्टीलची बाटली असते. पुण्याला जाईपर्यंत रोज संध्याकाळी अर्धा तास अण्णांकडे जाऊ द्या. नातीला शिकवायला मिळतंय याचा त्यांनाही किती आनंद होईल.

पेपर स्प्रेचं पटकन सांगते. आपल्याकडे त्याला लायसन्स लागत नाही, जवळ ठेवायला हरकत नाही, पण बॅगेच्या तळाशी टिफिनखाली असेल तर तो नसल्यातच जमा. हातात घेऊन एकदा मोकळ्या जागी मारून बघायचा, वारं कुठून आहे ते बघायचं, एक्सपायरी बघायची. आणि बसच्या गर्दीत तो वापरायचा नाही, तिच्याच डोळ्यात जाईल आणि शेजारच्या लेकुरवाळ्या बाईच्याही.

कायद्याचं पण पोरीच्या कानावर घाला, कारण बऱ्याच मुली 'मी मारलं आणि मलाच आत टाकलं तर' या भीतीने हात आवरतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. गरजेपुरती ताकद वापरायचा पूर्ण हक्क आहे, गरजेपेक्षा जास्त इजा करायचा नाही, म्हणजे तो पडला, धोका गेला, की मग लाथा घालत बसायचं नाही, निघायचं. बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड असल्या हल्ल्यात तर हा हक्क हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत जातो. आणि बसमध्ये जे झालं तो गुन्हाच आहे, कलम ७४, एक ते पाच वर्षं शिक्षा. दोन महिने झाले म्हणून दार बंद होत नाही. तक्रार करायची की नाही हे तिला ठरवू द्या, पण करायची म्हणाली तर तुम्ही सोबत जा. पुढे कधीही असं झालं तर ११२.

तर करायचं काय? कराटे सोडू नका एवढं माझं नक्की मत आहे. सहा वर्षांत तिला पाय मिळालेत, दम मिळालाय, मार खायची सवय झालीये, हे दोन दिवसांत कुठेच मिळत नाही. फक्त पुण्यात गेल्यावर त्याला जोडून ज्युदो किंवा कुस्ती किंवा जिउ-जित्सू, जिथे रोज खरी धरपकड होते असा एखादा हॉल शोधा, आठवड्यातून दोन दिवस पुरे. क्लास बघायला जाल तेव्हा फी विचारायच्या आधी कोपऱ्यात बसून अर्धा तास नुसतं बघा. मुली दमतात का? एखादीचा डाव फसतो का? फसल्यावर सर तिला पुन्हा करायला लावतात का, की 'खऱ्या वेळी लागतोच' म्हणून पुढे जातात? मुलीला नको असलेला हात सरांनी शिकवताना लावला तर तिला नाही म्हणता येतं का? हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जिथे शिक्षकालाच नाही म्हणायची सोय नाही तिथे पोरगी परक्याला नाही म्हणायला कशी शिकणार. वर्कशॉपला पैसे असतील तर तोही करा, त्यातून तिला नवीन काही सुचेल, पण त्याच्यावर विसंबू नका. आणि भावाला साडेचार हजार द्यायचेच असतील तर ते तीन महिन्यांच्या हॉलच्या फीला द्या म्हणावं.

पण हे सगळं पुण्यात गेल्यावर. या रविवारी घरी एक करा, तिची तयारी असेल तरच. खुर्च्या, टीपॉय बाजूला सारून हॉलच्या एका कोपऱ्यात सगळे दाटीने उभे राहा, अण्णा, मिस्टर, भाऊ, शेजारच्या वहिनी आल्या तर त्याही, अगदी एसटीसारखे, खांद्याला खांदा. तिच्या मागे तुम्ही उभ्या राहा, दुसरं कुणी नाही. न सांगता कधीतरी तिच्या पाठीवर हात ठेवा. तिने तो हात मनगटाला धरायचा, हिकिते करते तसा जोरात ओढायचा, फक्त कमरेकडे न नेता वर, सगळ्यांना दिसेल असा उंच, आणि ओरडायचं, 'हा हात कुणाचा आहे?' मग लगेच, 'कंडक्टर, गाडी थांबवा!' शर्टाचा रंग घेऊन ओरडलं तर अजून चांगलं, 'निळा शर्ट, हात काढ', कारण रंग ऐकला की सगळ्यांच्या माना वळतात. हात ओढताना तुम्ही ढिला सोडू नका, खेचून धरा, तिला खरंच ओढू द्या. पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज येणार नाही, कदाचित ती रडेल, तर थांबा, पाणी द्या, तिला विचारा आणि ती हो म्हणाली की पुन्हा उभ्या राहा.